वळिवड्याची पोलिश बाई मराठी कशी बोलेल? परदेशी पात्राची बोली बसवताना

हौशी नाटकात गोरा साहेब रंगमंचावर आला की तो 'टुम इदर आव' म्हणणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. साहेब इंग्रज असो, पोर्तुगीज असो की फ्रेंच, सगळ्यांच्या त चा ट होतो, सगळे 'हम करटा' म्हणतात आणि प्रेक्षक हसतात. विनोदी प्रवेशात ते खपूनही जातं. पण बारा वर्षांपूर्वी शाहू महाराजांच्या विद्यार्थिदशेवरचं एक नाटक मी बसवत होतो. त्यात फ्रेझरसाहेबांचा एक प्रवेश होता. धारवाडला, आई-वडिलांचं छत्र हरपलेल्या मुलाशी त्याचा गुरू पहिल्यांदाच मनातलं बोलतो. नटाने 'टुमी' म्हटलं आणि सभागृह हसलं. पुढे तो प्रवेश सावरलाच नाही. नट गुणी होता, पाठांतर चोख होतं. चूक माझी होती. हालचाली, प्रकाश, कपडे सगळं बसवलं होतं आणि बोली मात्र नटावर सोडून दिली होती.

त्यानंतर प्रत्येक परदेशी पात्राच्या वेळी जे करत आलो, ते इथे क्रमाने लिहितो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवणाऱ्यांना, एकांकिका करणाऱ्या कॉलेजच्या मुलांना आणि वेब सिरीजच्या ऑडिशनला पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरापोरींना ते उपयोगी पडावं. उदाहरण सगळीकडे एकच धरतो, म्हणजे पद्धत नीट दिसेल. ते आहे वळिवड्याच्या छावणीतल्या एका पोलिश बाईचं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियात आणि आसपास हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यातले सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. शाळा, चर्च, दवाखाना असं सगळं तिथे होतं. आज त्या जागी गांधीनगरची कापडपेठ आहे आणि महावीर गार्डनमध्ये त्या लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. एवढा मोठा विषय आपल्या दाराशी आहे, तेव्हा त्यावर नाटकं होणारच. ती चांगली व्हावीत.

पात्र नेमकं कुठल्या भाषेत बोलतंय?

संहिता हातात आली की पेन्सिल घ्या आणि परदेशी पात्राच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हा माणूस इथे प्रत्यक्षात कुठली भाषा बोलतोय? उत्तरं तीनच येतात.

एक, तो आपल्याच माणसांशी आपल्याच भाषेत बोलतोय. बराकीत दोन पोलिश बायका रात्री गावाकडच्या आठवणी काढतायत, ते पोलिशमध्ये चाललंय. आपण ते मराठीत ऐकतोय इतकंच. अशा ठिकाणी ढब अजिबात नको. आपल्या भाषेत कुणीच अडखळत नाही. त्या दोघींनी स्वच्छ, ओघवत्या मराठीत बोलावं. 'चेर्नोबिल' या २०१९ च्या मालिकेत सगळी पात्रं सोव्हिएत होती, पण बहुतेक नट ब्रिटिश उच्चारांतच बोलले. कुणाचं काही अडलं नाही. गांभीर्य उलट वाढलं.

दोन, तो इथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत, म्हणजे जमेल तशा मराठीत बोलतोय. छावणीतली बाई भाजीवाल्याशी बोलते तसं. बोली बसवायची ती इथे.

तीन, तो आपली भाषाच बोलतोय आणि प्रेक्षकांना ती कळावी अशी अपेक्षा नाही. प्रार्थना, शिवी, मोजणी, रडताना तोंडून निघालेला शब्द.

या तीन खुणा तीन रंगांत केल्या की अर्धं काम होतं. बऱ्याच संहितांत लेखकाने हा विचार केलेला नसतो आणि पात्र पहिल्या अंकात आपल्या बायकोशीही मोडकं मराठी बोलतं. लेखकाला विचारून ते बदलून घ्या. रंग बदलताना प्रेक्षकाला खूण मात्र द्या. प्रकाश बदला किंवा भाजीवाल्याच्या येण्याबरोबर बाईचं वाक्य मध्येच अडखळू द्या. एकदा कळलं की प्रेक्षक पुढे विचारत नाही.

मराठी शिकली कुणाकडून?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. परदेशी माणूस 'मराठी' शिकत नाही, तो कुणाची तरी मराठी शिकतो. वळिवड्याच्या बाईला पुणेरी मास्तर शिकवायला आला नव्हता. तिला मराठी आली असेल तर ती दूधवाल्याकडून, भाजी घेऊन येणाऱ्या मावशीकडून, टांगेवाल्याकडून. म्हणजे ती 'आहे' म्हणणार नाही, 'हाय' म्हणेल. 'खूप' नाही, 'लई' म्हणेल. 'नको गं, महाग हाय' असं गळ्यातल्या गळ्यात म्हणेल. तिच्या तोंडी प्रमाण मराठी घालून वर पोलिश ढब चढवली तर दोन्ही खोटं वाटतं. पोलिश बाईच्या तोंडून अस्सल कोल्हापुरी 'लई' आला की प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्या बायका मान डोलावतात. मी ते पाहिलंय.

तेव्हा नटीने पात्राचा एक पानभर इतिहास लिहावा. गाव कुठलं, शाळा किती, आणखी कुठल्या भाषा कानावर पडल्या, कोल्हापुरात किती वर्षं, रोज कुणाशी बोलणं. पोलिश बाईचं गाव इथे फार महत्त्वाचं आहे. हद्दपार झालेले बहुतेक लोक तेव्हाच्या पूर्व पोलंडमधले होते. त्या सीमेकडच्या जुन्या बोलीत ह आपल्या ह सारखा घोष, म्हणजे गळ्यातल्या नादासह येणारा, राहिलेला होता, तर आजच्या पोलिशमध्ये तो घशातून घासून येतो, ख च्या जवळ जाणारा. म्हणजे आजच्या वॉर्साच्या मुलीचं रेकॉर्डिंग ऐकून केलेला खरखरीत ह आपल्या १९४३ च्या बाईला लागू पडत नाही. तिच्या तोंडचा 'हाय' आपल्यासारखाच येईल. असं काही सापडलं की नटीला पात्र अचानक आपलं वाटू लागतं.

ऐतिहासिक नाटकांसाठी एक गोष्ट. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आला होता. आमच्याकडच्या पन्हाळा-पावनखिंडीवरच्या नाटकांत हा टोपीकर हमखास असतो आणि फाडफाड हिंदी बोलतो. त्या काळातले टोपीकर व्यापारी दुभाषे ठेवत. रेव्हिंग्टनला इंग्रजी बोलू द्या आणि शेजारी दुभाषी उभा करा. दुभाषी काय गाळतो, काय मऊ करतो, यात जे नाट्य आहे ते 'टुम हमको' मध्ये कधीच येणार नाही.

वर्णमाला समोर ठेवा

परदेशातल्या नटांना उच्चार शिकताना ध्वनिलिपी शिकावी लागते. आपल्याला निम्मं काम बालवाडीतच करून दिलेलं आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांवरून, प-वर्ग ओठांतून. वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे. तो एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, भिंतीला लावा, आणि पात्राच्या भाषेत यातले कुठले वर्ण आहेत, कुठले नाहीत ते खोडत चला.

आता 'टुम' कुठून आला ते पाहू. इंग्रजांचा टी दातांवर लागत नाही आणि आपल्या ट इतका मागेही वळत नाही. जीभ दातांच्या मागच्या हिरड्यांच्या उंचवट्याला लागते. आपल्या कानाला तो ट कडे झुकलेला वाटतो, म्हणून इंग्रजाचा 'तुम' आपण 'टुम' ऐकतो. इंग्रजापुरतं हे खरं आहे. पण फ्रेंच, पोर्तुगीज, इटालियन, रशियन आणि पोलिश माणसाचा त दातांवरच लागतो, आपल्यासारखा. तो 'तुम्ही' मधला त बिनचूक म्हणेल. त्याची पंचाईत होईल ती ट ला. पोलिश बाई 'पाटी' ला 'पाती' म्हणेल, 'गाडी' ला 'गादी'. म्हणजे ज्या खुणेने आपण सगळे गोरे ओळखतो, ती यांच्याबाबत बरोबर उलटी पडते. पोलिश बाईच्या तोंडी 'टुमी' घालणं म्हणजे तिला इंग्रज करून टाकणं.

दुसरी जागा महाप्राणांची. भ, घ, ध, झ इंग्रजीतही नाहीत, पोलिशमध्येही नाहीत, त्यामुळे दोघंही 'घर' ला 'गर' म्हणतील. मात्र इंग्रज शब्दाच्या सुरुवातीचे क, ट, प हवा सोडून म्हणतो. एक पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरा आणि आपल्या पद्धतीने 'पेन' म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. मग इंग्रजी बातम्यांतल्या लंडनच्या निवेदकासारखं म्हणून पाहा. पट्टी फडफडते. त्यामुळे इंग्रजाचा 'काल' आपल्याला 'खाल' च्या जवळ ऐकू येतो. पोलिश माणूस ही हवा सोडत नाही, त्याचा 'काल' सरळ 'काल' च येतो. दोन्ही भाषांतलं हे अंतर नटाच्या हाताला त्या पट्टीमुळे प्रत्यक्ष कळतं. मी तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना पट्ट्या वाटतो.

तिसरी जागा आमच्या आवडीची, कारण तिथे मराठी आणि पोलिश शेजारी बसतात. मराठीत च दोन. 'चिमणी' मधला टाळूवरचा आणि 'चोर', 'चांगला' मधला दातांवरचा. हिंदी माणूस या दुसऱ्या च ला अडखळतो, इंग्रजाला तो शब्दाच्या सुरुवातीला जड जातो. पोलिशमध्ये मात्र दोन्ही आहेत. त्यांच्या भाषेत 'काय?' ला 'चो?' म्हणतात आणि त्यातला च अगदी आपल्या 'चोर' मधला असतो. म्हणून वळिवड्याची बाई 'चांगलं' असं म्हणेल की ऐकणारा चमकेल. बाकी सगळं मोडकं आणि 'चांगलं' मात्र खणखणीत. नटीला हे सांगितलं तेव्हा तिने स्वतःहून तो शब्द संवादांत चार ठिकाणी मागून घेतला.

उरलेलं पटकन सांगतो. ळ जाऊन ल येईल, ण जाऊन न. आपला ऱ्हस्व अ तिच्याकडे नाही, तो आखूड आ होईल. ए आणि ओ तोंड जरा जास्त उघडून येतील. शब्दाच्या शेवटी घोष वर्ण अघोष होतो, 'बाग' चा 'बाक' होईल. र आपल्यासारखाच जिभेच्या टोकाने कंप पावणारा, त्याला हात लावू नका. सगळे परदेशी र गुंडाळतात असं समजून नट तिथेही करामत करायला जातात.

हेल

वर्ण बरोबर असूनही पात्र परकं वाटत नसेल तर दोष हेलात असतो. मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावरचा जोर फारसा जाणवत नाही. पोलिशमध्ये तो बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि हा नियम नटाला देणगीसारखा आहे. 'कोल्हापूर' मधला जोर 'हा' वर. छावणीच्या गावाचं नाव घ्या. वळिवडे चार अक्षरांचं. ळ चा ल, ड चा द, अ चा आखूड आ, आणि जोर शेवटून दुसऱ्यावर. 'वालि-वा-दे' असं काहीतरी हाती येतं. एका गावाच्या नावात सगळे नियम बसले. नटीला मी हाच शब्द किल्ली म्हणून देतो. विंगेत उभं असताना तीनदा हळूच 'वालिवादे' म्हणायचं की तोंडाची ठेवण जागेवर येते.

इंग्रजाचं वेगळं. तो जोराचं अक्षर लांबवतो आणि बाकीची गिळतो. शेवटचा ओ 'होउ' सारखा ओघळतो. त्याला दोन-तीन ठळक अक्षरांवर उभं राहायला शिकवा आणि बाकी मऊ सोडायला सांगा. मग 'टुम' ची गरजही राहत नाही.

चूक कुठली करेल आणि कुठली करणार नाही

व्याकरणाच्या चुका उच्चारांपेक्षा जास्त बोलतात. आपल्या रंगभूमीवरचा परदेशी माणूस लिंग सगळीकडे चुकवतो. इंग्रजाला ते शोभतं, त्याच्या भाषेत नामांना लिंगच नाही. पण पोलिशमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत आणि विभक्तीही आहेत, सात. लिंग ही कल्पना बाईला परकी नाही. ती चुकेल ती तिच्या भाषेच्या हिशेबाने. तिच्याकडे पाणी स्त्रीलिंगी, म्हणून ती नळापाशी विचारेल, 'पानी आली का?' तिच्याकडे घर पुल्लिंगी, म्हणून 'माझा घर'. आ ने संपणारी नामं तिच्याकडे बहुतेक स्त्रीलिंगी, म्हणून 'रस्ता मोठी'. अशी चूक ऐकताना प्रेक्षकाला नियम माहीत नसतो, पण चुकीमागे कुणीतरी विचार करणारं माणूस आहे हे त्याला जाणवतं.

अदबीचंही तसंच. पोलिशमध्ये परक्या माणसाला अरेतुरे करत नाहीत. पुरुषाला 'पान', बाईला 'पानी' म्हणून तृतीयपुरुषी बोलतात. तेव्हा ही बाई भाजीवाल्याला 'तू' म्हणणार नाही. 'तुम्ही' पकडून ठेवेल, अगदी पोराटोरांनाही 'तुम्ही' म्हणेल. आणि त्यांच्या 'पानी' तला न टाळूकडे झुकला तरी आमच्याकडे कान 'पानी' च ऐकतो. एका प्रवेशात बाई पलीकडच्या मैत्रिणीला 'पानी!' म्हणून हाक मारते आणि भाजीवाली मावशी काही न बोलता आपली घागर पुढे करते. तालमीत हे सुचलं आणि नाटकातला सगळ्यात शांत क्षण तोच झाला. बाई नको म्हणत नाही, पिते.

एक वाक्य धरून

आता प्रत्यक्ष काम. संहितेत वाक्य होतं: 'भाजी ताजी आहे का? काल घरी नेलेली सडकी निघाली.'

आधी शिकवणाऱ्याच्या बोलीत आणा: 'भाजी ताजी हाय का? काल घरी नेलेली सडकी निघाली.'

मग सगळे नियम लावून पाहा. भाजी ची बाजी. ताजी तशीच, त दातांवर. हाय तसंच. काल सरळ. घरी ची गारी. नेलेली मध्ये जोर मधल्या ले वर. सडकी मध्ये अ चा आखूड आ, ड चा द आणि पुढच्या क मुळे त्याचाही त, म्हणजे 'सात्की'. निघाली ची निगाली, जोर गा वर. हाती आलं: 'बाजी ताजी हाय का? काल गारी नेलेली सात्की निगाली.'

भाषेच्या दृष्टीने हे ठीक असेल, पण चौदाव्या रांगेत ते पोचणार नाही. वाक्याचा सगळा जीव 'सडकी' वर आहे. तो शब्द गेला तर भांडण कशावरून आहे तेच कळत नाही. म्हणून आम्ही 'सडकी' जवळजवळ स्वच्छ ठेवला, फक्त त्याआधी नटी क्षणभर थांबते, शब्द शोधल्यासारखी. 'गारी' ऐकून गारगोटी आठवते, म्हणून 'गरी' केलं. राहिलं ते असं: 'बाजी ताजी हाय का? काल गरी नेलेली... सडकी निगाली.' महाप्राण गेले, जोर शेवटून दुसऱ्यावर, एक थांबा. एवढं पुरतं.

माझा नियम असा आहे. नाटकभर तीनच खुणा घट्ट धरा, बाकीच्या सोडून द्या. सभागृह घुमणारं असेल तर दोनच. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, तेव्हापासून मिळेल त्या सभागृहात प्रयोग करताना हे फार जाणवलं. पत्र्याच्या छताखाली नाजूक उच्चार विरून जातात.

तालमीचे सहा आठवडे

आमच्या शहरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते, आणि बोलीचं काम तिच्यासारखंच आहे. रोज थोडं, पण रोज.

पहिला आठवडा फक्त ऐकायचा. संवाद पाठ करायचे नाहीत. दुसऱ्या आठवड्यात तोंडाची ठेवण: संवाद बाजूला ठेवून त्या ढबीत निरर्थक अक्षरं बोलायची, कोल्हापुरातली गावं आणि पेठांची नावं घ्यायची, भाजीची यादी वाचायची. शंभरदा 'मिरजकर तिकटी' म्हणा, त्यात ट नडतो का बघा. तिसऱ्या आठवड्यापासून संवाद त्या ढबीतच पाठ. आधी आपल्या मराठीत पाठ करून मागाहून ढब चढवणारे नट मी पाहिलेत. पहिल्या भावनिक प्रवेशात ढब गळून पडते, कारण पाठांतर जुन्या हेलात मुरलेलं असतं. चौथ्या आठवड्यात पूर्ण तालीमभर ढब सोडायची नाही, चहाच्या सुट्टीतही नाही. पाचव्यात रडणं, ओरडणं, कुजबुज, धावताना बोलणं. सहाव्यात कमी करत आणायचं.

या सगळ्यात एक उच्चारवही ठेवा. डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर जसा म्हणायचा तसा, जोराच्या अक्षराखाली रेघ. आणि मोबाइलवर रोज एक मिनिट रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकलं तर कान लबाडी करतात.

ऐकण्यासाठी साहित्य नेटवर मुबलक आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या 'स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह' मध्ये जगभरातल्या लोकांनी एकच इंग्रजी उतारा वाचलेला आहे. पोलिश माणूस इंग्रजी कसा वाचतो ते तिथे ऐकता येतं आणि तीच वळणं मराठीत कशी उतरतील याचा अंदाज बांधता येतो. 'इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश आर्काइव्ह' ही दुसरी जागा. पण चित्रपटातला नट ऐकून शिकू नका. ती नकलेची नक्कल होते. त्या भाषेत मुलाखत देणारी साधी माणसं ऐका, शक्यतो पात्राच्या वयाची. आणि थोडी भाषा शिकाच. 'सोफीज चॉइस' या १९८२ च्या चित्रपटात पोलिश स्त्री साकारताना मेरिल स्ट्रीप यांनी पोलिश शिकून घेतली होती. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण नमस्कार, आभार, एक ते दहा आकडे आणि एक प्रार्थना एवढं शिकायला दोन आठवडे लागतात. आमच्या नटीने 'जेन् दॉब्री' आणि 'जेंकूये' शिकताना शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम जितका पक्का केला, तितका माझ्या समजावण्याने झाला नव्हता.

आकड्यांचं वेगळं सांगायला हवं. माणूस कितीही वर्षं परक्या मुलखात राहिला तरी पैसे मोजतो आपल्या भाषेत. भाजीवालीच्या हातावर नाणी ठेवताना बाई ओठांतल्या ओठांत 'येदेन, द्वा, त्शी' म्हणते आणि मग मान वर करून 'तीन आणे' म्हणते. दोन सेकंदांचं काम आहे. प्रार्थना, शिवी आणि लहान मुलाला जवळ घेतानाचे शब्दही असेच आपल्या भाषेत राहतात. त्यांचं भाषांतर करू नका.

पाच वर्षांत मराठी सुधारतेही. १९४३ च्या प्रवेशात तीन खुणा असतील तर १९४८ मध्ये जाताना एक-दोनच ठेवा. 'पानी आली' ऐवजी 'पानी आलं' म्हणणारी बाई निघून जाते, तेव्हा ती काय सोडून चाललीय ते वेगळं सांगावं लागत नाही.

इतर मुलखांतली माणसं

नेपाळी पात्राला हिंदी सिनेमाने 'शाबजी' चिकटवलं. नेपाळी बोलीत श, ष, स हे तिन्ही स कडे झुकतात, म्हणजे त्याला 'साब' च जास्त सोपं. उलट बंगाली बोलीत ते श कडे झुकतात, तेव्हा ढाक्याच्या माणसाला 'शकाल' शोभेल. जपानी माणसाकडे र आणि ल वेगळे नाहीत, एकच मधला वर्ण आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि 'पक्का' मधल्या क्क सारखी दुहेरी व्यंजनं तो फार काटेकोर पाळतो. दर शब्दात र-ल ची अदलाबदल करण्यापेक्षा ती शिस्त पकडा. फ्रेंच माणूस ह गाळेल आणि र घशातून काढेल.

टिंगल होतेय का, हे कसं ओळखावं

अमेरिकेतल्या 'द सिम्पसन्स' मालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट वर्षानुवर्षं देत होता. तिकडे वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवलं जायचं. त्यावर टीका झाली आणि २०२० मध्ये अझारियाने ते काम सोडलं. तो आवाज ऐकताना आपल्याला जे बोचतं ते लक्षात ठेवा आणि मग आपल्या नाटकातला नेपाळी गुरखा किंवा चिनी दंतवैद्य पुन्हा ऐका. आपल्याच मातीत याच्या उलट उदाहरण आहे. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटणीसांवर चित्रपट काढला, त्यात कोटणीसांच्या चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी केलं. ते पात्र हसण्यासाठी घातलेलं नव्हतं.

माझी कसोटी सोपी आहे. नट चूक वठवतोय की प्रयत्न? परक्या भाषेत बोलणारा कुठलाही माणूस वाईट बोलायला निघालेला नसतो, तो जमेल तितकं चांगलं बोलायचा जीव तोडून प्रयत्न करत असतो. पुण्याला पहिल्या इंटरव्ह्यूत इंग्रजी बोलणारा आमच्याकडचा पोरगा आठवा. शब्द शोधताना त्याचे डोळे कुठे जातात, बरोबर शब्द सापडला की खांदे कसे सैल होतात, समोरचा हसला की आवाज कसा खाली जातो. नटाला हे द्या. मग 'बाजी ताजी हाय का' मध्ये भ गेलेला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बाई पैसे वाया जाऊ नयेत म्हणून धडपडतेय, एवढंच दिसतं.

शक्य असेल तर त्या देशाच्या माणसाला तालीम दाखवा, व्हिडिओ कॉलवर का होईना. आणि त्याला 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, तो सौजन्याने हो म्हणेल. 'कुठे खटकलं?' असं विचारा.

प्रयोगाच्या दिवशी

प्रेक्षकाच्या कानाला नवी ढब रुळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पात्राच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत महत्त्वाची माहिती ठेवू नका. नमस्कार, हवापाणी, भाजीचा भाव. कथानक त्यानंतर.

ढब प्रयोगागणिक वाढत जाते, हेही ध्यानात ठेवा. एखाद्या शब्दावर हशा आला की नट पुढच्या प्रयोगात तो शब्द आणखी वाकवतो. आमच्याकडे एक सहायक उच्चारवही घेऊन शेवटच्या रांगेत बसतो. तीन खुणांपलीकडे चौथी ऐकू आली की त्या वाक्यापुढे टिंब देतो आणि मेकअप उतरवायच्या आत नटीला ते पान दाखवतो. मागच्या नाटकाच्या पाचव्या प्रयोगात 'चांगलं' पुढे टिंब आलं होतं. हशा मिळावा म्हणून तिने त्या च ला ओढ दिली होती. सहाव्या प्रयोगात तो शब्द पुन्हा सरळ आला.